दोष कोणाचा?

एखादी वस्तु बिघडली म्हणजे घरांत दोन प्रश्न उभे राहतात. एक, ‘कुणीं बिघडविली?’ आणि दुसरा, ‘कशानें बिघडली?’ दिसायला हे सख्खे भाऊ वाटतात, पण स्वभावानें अगदीं निराळे. पहिल्यानें घरांत धुसफूस सुरू होते. दुसऱ्यानें वस्तु दुरुस्त होते. ज्यांनीं आयुष्य एकत्र कुटुंबांत काढलें आहे त्यांना याचीं उदाहरणें द्यायला नकोत. दूध नासलें, माठ पाझरूं लागला, भिंतीवरचें घड्याळ थांबलें, कीं आरोपी अगोदर मुक्रर होतो आणि कारण मागाहून शोधलें जातें. पुष्कळदां तें शोधलेंच जात नाहीं. आरोपी सांपडल्यावर कारणाची गरज कुणाला राहते?

मोटारीच्या बाबतींत हा न्याय फारच महाग पडतो. गाडी रस्त्यांत बंद पडली कीं प्रथम चालविणारा दोषी ठरतो, मग बॅटरी, मग पंप, मग आणखी कांहीं. आणि प्रत्येक निकालाचा दंड मालकाला भरावा लागतो. आमच्या घरीं २०१९ सालच्या उन्हाळ्यांत असा एक खटला चालला. त्यांतला खरा गुन्हेगार बोटाएवढा होता, आणि त्याच्यापायीं एका गुणी मुलीच्या हातून घरची किल्ली काढून घेण्यांत आली होती.

आम्ही वाईचे. थोरले बंधू अण्णा, वहिनी, मी, दोन पुतणे, त्यांच्या बायका आणि मुलें, असें दहा माणसांचें घर. गाडी एकच, पेट्रोलवर चालणारी, तेव्हां नऊ वर्षांची. अण्णांचें वय त्या वेळीं ७८ होतें. हृदयाच्या दुखण्यामुळें त्यांना दर पंधरा दिवसांनीं पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यावें लागे. वाई ते पुणें म्हणजे नव्वदएक किलोमीटर. पुतण्यांना नोकरींतून सवड होत नसे, म्हणून हें काम थोरल्या सूनबाईनें आपण होऊन अंगावर घेतलें. ती घरीं गणिताच्या शिकवण्या घेते. त्या दिवशींच्या शिकवण्या ती पुढेंमागें करी. तिच्या चालविण्यावर अण्णांचा एवढा विश्वास होता कीं, शिरवळ येण्यापूर्वींच त्यांना डुलकी लागे.

मार्च महिन्यांत पुण्याहून परत येतांना, भर दुपारीं, खंबाटकीच्या चढावर गाडी एकाएकीं बंद पडली. धक्का नाहीं, आवाज नाहीं, धूर नाहीं. दिवा मालवावा तसें इंजिन मालवलें. अशा वेळीं स्टिअरिंग जड होतें, आणि ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदत एकदोन दाबांपुरतीच शिल्लक राहते. सूनबाईला हें ठाऊक होतें. तिनें ब्रेक पुन्हां पुन्हां न दाबतां एकदांच नेटानें दाबला, गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले, हातब्रेक ओढला आणि चाकामागें दगड ठेवला. सेल्फ मारला कीं इंजिन फिरे, पण पेट घेत नसे. अर्ध्या तासानें, कांहींहि न करतां, तीच गाडी पहिल्याच प्रयत्नाला सुरू झाली आणि निमूटपणें घरीं आली.

एका कारखान्यांत गाडी दाखविली. तेथें बॅटरी बदलण्यांत आली. पंधरा दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार. या वेळीं पेट्रोलचा पंप बदलला. कारखान्यांत गाडी दोन वेळां अंगणांत फिरवून ‘ठीक आहे’ असा दाखला मिळाला. मधल्या काळांत गाडी रोज बाजारांत, स्टँडवर, मुलांच्या शाळेंत जात होती. तेथें ती एकदांहि बंद पडली नाहीं. थोरला पुतण्या रोज सकाळीं चार किलोमीटर गाडी नेई. ‘मग ती माझ्या हातीं कशी बंद पडत नाहीं?’ हा त्याचा प्रश्न घरांत बिनतोड मानला गेला. वहिनींना कुणींतरी सांगितलें होतें कीं, क्लचवर पाय ठेवून चालविलें म्हणजे असें होतें. शेजारच्या एका गृहस्थांनीं, चढावर बायकांना गिअर उतरवितां येत नाहीं, हें आपलें जुनें मत पुन्हां ऐकविलें. यांतलें कुणीहि दुष्टपणानें बोललें नाहीं. घरांत अन्याय होतो तो बहुधा असाच, चांगल्या माणसांच्या हातून आणि चहा पितांपितां.

तिसऱ्या खेपेला मात्र प्रसंग बिकट झाला. एप्रिलची दुपार, पाऊण तास घाटांत उभी असलेली तापली गाडी, आणि आंत अण्णा. त्यांना दरदरून घाम सुटला, छातींत धडधडूं लागलें. एका ट्रकवाल्यानें पाणी दिलें, सावलींत बसविलें. ते सुखरूप घरीं आले. परंतु त्या रात्रीं असें ठरलें कीं, यापुढें अण्णांना भाड्याच्या गाडीनें न्यावें आणि सूनबाईनें गांवाबाहेर गाडी काढूं नये. दाराजवळच्या खुंटीवर असणारी किल्ली थोरल्या पुतण्याच्या खिशांत गेली. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें एक वही मात्र माझ्यापुढें आणून ठेवली. मीं तेहतीस वर्षें शाळेंत भौतिकशास्त्र शिकविलें, म्हणून ती माझ्याकडे आणली असावी. “काका,” ती म्हणाली, “मला दोष द्यायचा तर खुशाल द्यावा, पण आधीं एवढें कुणीं तरी वाचावें.”

वहींत तिन्ही प्रसंग रकाने आंखून लिहिले होते. तारीख, वेळ, इंजिन सुरू केल्यापासून झालेलीं मिनिटें, कितवा गिअर, पेट्रोल किती, वातानुकूलन चालू कीं बंद, पुन्हां सुरू व्हायला लागलेला वेळ. शिवाय एक गोष्ट निराळी नोंदली होती: एकदां शिरवळला लिंबू-सरबत घेण्यासाठीं दहा मिनिटें थांबलों असतां गाडी पुन्हां सुरू व्हायला फार वेळ लागला. आणि शेवटच्या रकान्यांत दोन वेळां तेंच वाक्य होतें, ‘इंजिनाच्या फेऱ्यांचा कांटा आधीं शून्यावर पडला, गाडी नंतर थांबली.’

ती वही घेऊन मी साताऱ्याकडील एका जुन्या मिस्त्रींकडे गेलों. मिस्त्री पासष्टीचे. त्यांनीं पाना हातांत धरला तो फियाट आणि अँबॅसॅडर यांच्या काळांत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियरानें १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठीं बॅटरीवरची ठिणगीची जी पद्धत बसविली, तीच थोड्याफार फरकानें पुढें साठसत्तर वर्षें जगभर चालली आणि आपल्याकडील पद्मिनी टॅक्सींतहि तीच होती. मुंबईच्या रस्त्यांवरून त्या टॅक्सीनें २०२३ सालच्या ऑक्टोबरांत कायमचा निरोप घेतला. त्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर नांवाचें एक भांडें असे. मिस्त्रीलोक त्याला ‘डेल्को’ म्हणतात. आंतला दांडा फिरला कीं दोन पॉइंट उघडत आणि नेमक्या क्षणीं ठिणगी पडे. पॉइंट काळे पडले तर डोळ्यांना दिसत. कागदानें घांसले कीं काम भागे. दोष हा तेव्हां दिसणारा पदार्थ होता. आतां तो आंकड्यांत आणि तारांत लपून बसतो. मिस्त्रींनीं पन्नाशीनंतर स्कॅनर आणि मीटर शिकून घेतले. डोळ्यांवर चष्मा चढवून त्यांनीं वही दोनदां वाचली आणि म्हणाले, “सर, अर्धें काम ताईंनीं केलेलें आहे. बाकीचें अर्धें मी करतों. पण गाडी गार असतांना आणूं नका, असें मी म्हणणार नाहीं. गारहि पाहिजे आणि गरमहि पाहिजे.”

यांतलें मर्म कळायला इंजिनाच्या पोटांत क्षणभर डोकावलें पाहिजे. पिस्टन वरखालीं होतात. त्यांची ती धांवपळ ज्या दांड्याला गरगर फिरविते तो क्रँकशाफ्ट. पेट्रोल केव्हां शिंपडावें आणि ठिणगी केव्हां पाडावी हें आतां गाडींतला संगणक ठरवितो. परंतु संगणकाला डोळे नसतात. पिस्टन या क्षणीं कोठें आहे हें त्याला कुणीं तरी सांगावें लागतें. तें सांगणारा पहारेकरी म्हणजे क्रँक सेन्सर. क्रँकशाफ्टवर एक दांतेरी चक्र बसविलेलें असतें. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दातांची जागा असून दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. म्हणजे अठ्ठावन्न दात आणि एक खिंडार. सुमारें मिलिमीटरभर अंतरावर सेन्सर बसलेला असतो. त्याच्यासमोरून दात गेला कीं विजेचा एक लहानसा हेलकावा उठतो. खिंडार आलें कीं क्षणभर खंड पडतो. त्या खंडावरून संगणक फेरीचा आरंभ ओळखतो आणि पुढें दात मोजीत जातो. प्रत्येक दात सहा अंशांचा. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असलें तर सेकंदाला ५० फेऱ्या होतात आणि २९०० दात या पहारेकऱ्यासमोरून जातात. एवढे दात तो वर्षानुवर्षें, काळोखांत, तेलकट उष्णतेंत मोजीत असतो.

जुन्या जातीच्या सेन्सरांत दुसरें कांहीं नसतें; एक कायमचें चुंबक आणि त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें. मायकेल फॅरेडेनें १८३१ सालीं लंडनमध्यें दाखविलें कीं, वेटोळ्यांतून जाणारें चुंबकत्व बदललें म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते. शाळेंत मीं हा प्रयोग किती वेळां करून दाखविला असेल! तोच प्रयोग खंबाटकीच्या घाटांत आमच्या गाडीच्या पोटांत सेकंदाला हजारों वेळां चालला होता. दुसऱ्या जातीचा सेन्सर एडविन हॉल यानें १८७९ सालीं बाल्टिमोर येथें, विद्यार्थीदशेंत असतांनाच, लावलेल्या शोधावर चालतो. त्याला बहुधा तीन तारा असतात; एक वीज देणारी, एक जमिनीची आणि एक निरोप नेणारी. पहिल्या जातीची परीक्षा तारेचा रोध मोजून करतां येते. दुसऱ्या जातीला तो उपाय लावूं नये. तेथें वीज नीट पोचते कीं नाहीं आणि निरोपाची तार उघडझांप करते कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

क्रँक सेन्सराचा एक धाकटा भाऊ असतो, कॅम सेन्सर. त्याचें काम काय? चारटप्पी इंजिनांत क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एक काम पुरें होतें, म्हणून पिस्टन एका कामांत दोनदां वर येतो. एकदां ठिणगी घ्यायला, एकदां धूर बाहेर टाकायला. घड्याळांत सात वाजलेले दिसले तरी ते सकाळचे कीं संध्याकाळचे हें घड्याळ सांगत नाहीं. तसें क्रँक सेन्सराला तो फरक कळत नाहीं. कॅमशाफ्ट मात्र दोन फेऱ्यांत एकदांच फिरतो, आणि त्याचा सेन्सर सकाळसंध्याकाळ सांगतो. म्हणून कॅम सेन्सर गेला तर पुष्कळ गाड्या सुरू व्हायला वेळ लावतात, दबून चालतात, पण चालतात. क्रँक सेन्सर मुका झाला म्हणजे बहुतेक गाड्यांचा संगणक ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही थांबवितो. पिस्टन कोठें आहे तें ठाऊक नसतां ठिणगी पाडणें धोक्याचें, म्हणून तो गप्प बसतो.

आतां त्या कांट्याकडे पाहा. पेट्रोल संपून इंजिन थांबलें तर चाकें त्याला थोडा वेळ फिरवीत राहतात आणि फेऱ्यांचा कांटा त्यांच्याबरोबर हळूहळू उतरतो. परंतु इंजिन फिरत असतांना कांटा एकदम शून्यावर पडला, तर त्याचा अर्थ फेऱ्या थांबल्या असा नसून फेऱ्या मोजणारा थांबला असा होतो. सूनबाईनें हेंच टिपलें होतें.

मिस्त्रींनीं प्रथम गार गाडीला स्कॅनर लावला. त्यांत पी ०३३५ असा कोड नोंदलेला निघाला. हा कोड क्रँक सेन्सराच्या मंडलाबद्दलचा. थोरला पुतण्या त्या दिवशीं रजा काढून आला होता. तो म्हणाला, “सांपडलें तर! मग बदलून टाका सेन्सर.” मिस्त्री हंसले. “दादा, ही फिर्याद आहे, निकाल नाहीं. क्रँककडून निरोप येत नाहीं, एवढीच संगणकाची तक्रार आहे. निरोप्या आजारी आहे, कीं वाट तुटली आहे, कीं ज्याचे दात मोजायचे त्याचेच दात पडले आहेत, हें त्याला काय ठाऊक?” मग त्यांनीं एका गाडीची हकीकत सांगितली. तिच्यांत हाच कोड येई. तिचे तीन सेन्सर बदलून झाले होते. शेवटीं त्यांच्याकडे आली तेव्हां उंदरानें कुरतडलेली एक तार निघाली. दुसऱ्या एका गाडींत कपलरांत तेल झिरपत होतें. आणि क्रँक व कॅम दोघांचेहि निरोप येतात, पण एकमेकांशीं जुळत नाहींत, असा कोड निघाला तर सेन्सरांना हातहि लावण्यापूर्वीं टायमिंगची साखळी सैल झाली आहे काय तें पाहावें, असें ते म्हणाले.

त्यांनीं कपलर उघडून पाहिला, कोरडा होता. तारा बोटांनीं चाचपल्या, हलविल्या, धड होत्या. सेन्सर दोन तारांचा, म्हणजे वेटोळ्याचा होता. गार असतांना त्याचा रोध ८१२ ओहम भरला, आणि गाडीच्या पुस्तकांतल्या मर्यादेंत तो बसत होता. “आतां कुणीहि म्हणेल, सेन्सर निर्दोष आहे,” मिस्त्री म्हणाले. “पण ही गाडी गार असतांना कधीं बंद पडलीच नाहीं. ताप दुपारीं येत असेल तर नाडी सकाळीं पाहून काय उपयोग? चला घाटांत. ताई, गाडी तुम्हीच चालवा.”

ते शेवटचें वाक्य ऐकून सूनबाईनें एकदां पुतण्याकडे पाहिलें. त्यानें खिशांतून किल्ली काढून दिली.

मे महिन्याची दुपार होती. बोगद्यांतून पलीकडे खंडाळ्यास जाऊन, तेथून वळून आम्ही घाट चढूं लागलों. सूनबाई रोजच्यासारखीच चालवीत होती; मिस्त्री शेजारीं बसून तिच्या पायांकडे, हातांकडे, कांट्याकडे मुकाट्यानें पाहत होते. शेवटच्या वळणाअलीकडे कांटा पडला. “पडला,” ती शांतपणें म्हणाली, आणि इंजिन थांबलें. कडेला उभें राहून सेल्फ मारला. इंजिन फिरत असल्याचा आवाज आम्हां सर्वांना ऐकूं येत होता, आणि स्कॅनरवर फेऱ्यांचा आंकडा शून्य होता. मिस्त्रींनीं हातमोजे घालून कपलर सोडविला आणि सेन्सराच्या दोन टोकांना मीटर लावला. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो. दर अंशाला शेंकडा चार दशांशाच्या आसपास. सत्तर अंशांनीं तापमान वाढलें असतें तर ८१२ चे हजाराच्या थोडे वर व्हावयास हवे होते. मीटरनें हजार दाखविले नाहींत. त्यानें अनंताची खूण दाखविली. म्हणजे तारेचा मार्गच तुटला होता. कपलर सोडविलेला असल्यामुळें गाडीच्या वायरिंगचा या मापनाशीं संबंध उरला नव्हता. जें कांहीं तुटलें होतें तें सेन्सराच्या पोटांतच. आम्ही सावलींत बसलों. पंचवीस मिनिटांनीं त्याच मीटरवर ९३० आले आणि गाडी सुरू झाली.

वेटोळ्यांतल्या केसाएवढ्या तारेला कोठेंतरी बारीक चीर गेली होती. गार असतां तिचीं टोकें एकमेकांस टेकत. आंतील द्रव्य तापून फुगलें कीं टोकें दुरावत. शिरवळचें कोडेंहि उलगडलें. धांवती गाडी वाऱ्यानें थोडीफार निवत असते. उभी केली कीं पाणी आणि वारा दोन्ही थांबतात, इंजिनाची उष्णता भोंवतालच्या वस्तूंत शिरते, आणि सेन्सर चालतांना होता त्याहूनहि जास्त तापतो. पुतण्याचा बिनतोड प्रश्न तर याहून सहज सुटला. त्याच्या हातीं गाडी बंद पडत नसे, कारण सकाळच्या चार किलोमीटरांत ती पुरती तापतच नसे. सूनबाईच्या हातीं ती बंद पडे, कारण घरांतला एकमेव लांबचा आणि उन्हांतला प्रवास तीच करीत होती. जो सर्वांत कठीण काम अंगावर घेतो त्याच्याच हातून वस्तु मोडलेली दिसते. घराघरांतून हा हिशेब असाच चुकत असेल.

सेन्सर बदलणें हें त्यामानानें लहान काम. इंजिन निवूं दिलें, बॅटरीची ऋण तार सोडविली, दहा नंबरच्या पान्यानें एकच बोल्ट काढला आणि सेन्सर हलक्या हातानें फिरवीत बाहेर घेतला. ठोकून नव्हे, कारण तो आंत तुटला तर दहा मिनिटांचें काम दोन दिवसांचें होतें. भोंक आधीं पुसलें होतें, म्हणजे कचरा आंत जायला नको. चुंबकाच्या टोंकाला लोखंडाचा किंचित् कीस चिकटला होता. तो बेतानें पुसून, फार नाहीं याची खात्री करून घेतली, कारण कीस फार असेल तर इंजिनांत कांहीं झिजत असल्याची ती सूचना असते. भोंकांतून बॅटरीच्या उजेडांत पाहत, इंजिन हातानें फिरवून, चक्राचे दात तपासले. नवा सेन्सर जुन्याशेजारीं धरून लांबी आणि कपलर सारखे आहेत हें पाहिलें. रबरी कडीला तेलाचें बोट लावून तो हातानेंच शेवटपर्यंत बसविला. बोल्टनें ओढून बसविला तर वांकडा बसतो. तार सायलेन्सरच्या नळीपासून आणि पट्ट्यापासून दूर बांधली. कोड पुसला. कांहीं गाड्यांत नव्या सेन्सराची ओळख संगणकाला स्कॅनरनें करून द्यावी लागते, तीहि त्यांनीं करून दिली. सेन्सराची किंमत पूर्वीं बदललेल्या पंपाच्या पावपटहि नव्हती.

काम झालें असें मला वाटलें. मिस्त्रींना वाटलें नाहीं. “सर, बदललें म्हणजे बरें झालें असें नसतें, जेथें बिघडलें तेथेंच बरें झालें पाहिजे.” दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं, त्याच उन्हांत, तोच घाट सूनबाईनें दोनदां चढून दाखविला, मध्यें दहा मिनिटें गाडी उभी करून. कांटा ढळला नाहीं. त्यानंतर मिस्त्रींनीं पैसे घेतले.

घरीं कुणीं कुणाची क्षमा मागितली नाहीं. आमच्यासारख्या घरांतून तशी रीत नसते. थोरल्या पुतण्यानें किल्ली पुन्हां खुंटीला लावली. वहिनींनीं त्या संध्याकाळीं सुनेच्या आवडीचें थालीपीठ स्वतः थापलें. आणि पुढच्या तारखेला भाड्याची गाडी सांगायची का, असें धाकट्या पुतण्यानें विचारलें तेव्हां अण्णा वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां म्हणाले, “कशाला? मला गाडींत झोप लागली पाहिजे.” त्यांना तिच्या गाडींत पुढेंहि अनेकदां झोप लागली.

वाचकहो, मोटारीचें हें एवढें पुराण सांगण्याचा हेतु असा नव्हे कीं, घरोघरीं मीटर घेऊन बसावें. परंतु मिस्त्रींच्या कामाची जी रीत मला दिसली ती कोणत्याहि संसाराला उपयोगी आहे. संशय आला कीं प्रथम नोंद करावी. केव्हां, कोणत्या स्थितींत, किती वेळानें. ज्या परिस्थितींत दोष प्रकट होतो त्याच परिस्थितींत त्याची परीक्षा घ्यावी. नांव सांपडलें म्हणजे कारण सांपडलें असें मानूं नये. पी ०३३५ हेंहि नांवच आहे, आणि ‘सूनबाई’ हेंहि. वाट, निरोप्या आणि ज्याचा निरोप आणायचा तो, तिघांचीहि निरनिराळी चौकशी केल्यावांचून एकालाहि हलवूं नये. आणि बदल केल्यावर तो उन्हांत नेऊन पारखावा.

मला या सगळ्यांत सर्वांत मोलाची वाटली ती मिस्त्रींची एक साधी गोष्ट. त्यांनीं चालकाची परीक्षा टाळली नाहीं. ते सूनबाईच्या हातापायांकडे घाटभर पाहत होते. चालविण्यांत चूक असती तर ती त्यांनीं तितक्याच सरळपणें सांगितली असती. निर्दोष माणसाला दया नको असते, त्याला चौकशी हवी असते. ती चौकशी करायला बाहेरचा मिस्त्री लागावा, आणि घरांतल्या नऊ माणसांना ती सुचूं नये, याचा मात्र प्रत्येक घरानें आपापल्यापरी विचार करावा.

आमच्या गाडीच्या कप्प्यांत आतां एक वही असते. कुणीहि गाडी नेवो, कांहीं विशेष आढळलें तर त्यानें तें वहींत लिहावें असा नियम झाला आहे. गेल्या पावसाळ्यांत धाकट्या नातवाला अधूनमधून ताप येऊं लागला, तेव्हां ‘बाहेरचें खातो, दुसरें काय!’ असें कुणीं म्हणण्यापूर्वींच वहिनींनीं कपाटांतून एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर रकाने आंखले.